इटालियन झॉम्बीपटांवर हसण्याआधी

लुचो फुल्ची या इटालियन दिग्दर्शकाच्या सिनेमांच्या नव्या, स्वच्छ प्रती निघू लागल्यापासून एक जुना वाद पुन्हा तापलाय, आणि तो दोन्हीकडून वाईट घातला जातोय. एका बाजूला हसणारे आहेत. त्यांच्या लेखी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे हे स्वस्तातले झॉम्बीपट म्हणजे चार मित्रांनी जमून खिदळायची सोय. ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, रक्त म्हणजे लाल रंग, कथा म्हणजे नुसता गोंधळ. दुसऱ्या बाजूला भक्त आहेत. त्यांना त्याच गोंधळात जागोजागी गूढ अर्थ सापडतात आणि दिग्दर्शकाची प्रत्येक चूकही योजना वाटते. दोघांचं आपसात पटत नाही, पण पडद्यावर जे दिसतंय ते नीट बघायचं दोघेही टाळतात. माझं म्हणणं असं आहे की, १९७९ पासूनच्या तीन-चार वर्षांत रोममधून निघालेल्या या सिनेमांची ओढ त्यांच्या भोंगळपणात नाही आणि लपवलेल्या तत्त्वज्ञानातही नाही. मेल्यावर माणसाची माती होते, या एका गोष्टीकडे ते कारण न विचारता टक लावून बघतात. आणि ज्या कारागिरांनी ते बनवले, त्यांनी हे काम कमालीच्या गांभीर्याने केलं होतं. त्यात मस्करी कुठेच नव्हती.

पहिला आक्षेप चोरीचा आहे आणि तो खरा आहे. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचा मॉलमध्ये घडणारा प्रसिद्ध झॉम्बीपट डारिओ आर्जेंतो या इटालियन दिग्दर्शकाच्या मदतीने उभा राहिला. आर्जेंतोने स्वतः संकलित केलेली त्याची प्रत सप्टेंबर १९७८ मध्ये, म्हणजे अमेरिकेच्याही आधी, इटलीत ‘झॉम्बी’ या नावाने लागली आणि जोरात चालली. पुढच्याच ऑगस्टमध्ये फुल्चीचा सिनेमा आला, त्याचं नाव ‘झॉम्बी २’. पहिल्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तिकडच्या धंद्याची रीतच तशी होती. एक सिनेमा चालला की त्याच वाटेने दहा काढायचे. हर्क्युलिसचे पौराणिक सिनेमे, मग काउबॉयचे, मग खून-रहस्याचे, मग पोलिसांचे, मग नरभक्षकांचे, अशा लाटा एकामागून एक आल्या आणि ओसरल्या. पण याच रीतीतून सर्जिओ लिओने आला, हे आपण सोयीने विसरतो. १९६४ चा त्याचा पहिला वेस्टर्न कुरोसावाच्या ‘योजिम्बो’वरून उचललेला होता आणि त्यापायी जपानी निर्मात्यांना भरपाई द्यावी लागली. म्हणून आज लिओनेला कुणी चोर म्हणून निकालात काढतं का? आपल्याकडे आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणला, देवलांनी ऑथेल्लोचा झुंजारराव केला, नारायण धारपांनी पाश्चात्त्य भयकथांची बीजं इथल्या वाड्यांत आणि विहिरींत रुजवली. बीज कुठून आलं हे विचारायला हवंच, पण त्याचं पुढे काय झालं हे विचारल्याशिवाय निवाडा कसा करणार? अर्थात लिओनेचं नाव घेतल्याने सगळेच निर्दोष सुटत नाहीत. ‘झॉम्बी २’ पाठोपाठ त्याच निर्मात्याने, तोच नायक घेऊन, नरभक्षक आणि झॉम्बी एकाच बेटावर कोंबणारा जो सिनेमा काढला, त्यात उचलेगिरीपलीकडे मला काही सापडलेलं नाही.

फुल्चीने मात्र त्या बीजाचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. रोमेरोचे मेलेले म्हणजे एक युक्तिवाद आहे. सवयीने मॉलमध्ये परत येणारी गर्दी बघितली की दिग्दर्शक काय म्हणतोय ते कळतं आणि आपण मान डोलावतो. फुल्चीचे मेलेले काहीच म्हणत नाहीत. ‘झॉम्बी २’ मध्ये बेटावरच्या जुन्या दफनभूमीत चारशे वर्षांपूर्वीच्या स्पॅनिश आक्रमकांची थडगी आहेत. जमीन हळूच हलते. माती वर उचलली जाते. बोटं दिसतात, मग कवटी, मग डोळ्याच्या खोबणीत वळवळणारे किडे. कॅमेरा घाई करत नाही. जान्नेत्तो दे रोस्सीने केलेली ती रंगभूषा मातीचे थर चढवल्यासारखी दिसते, कपडे आणि कातडी वेगळी ओळखू येत नाहीत. हा माणूस परत आलेला नाही, जमीनच उठून चालायला लागलीय असं वाटतं. रोमेरोच्या सिनेमात मेलेल्यांना तोंड कसं द्यायचं हा प्रश्न असतो. इथे बघणाऱ्याला आपल्या शरीराचं पुढे काय होणार आहे ते दाखवलं जातं, आणि त्याला तोंड देण्याचा काही उपाय नाही.

हे इटलीतच का झालं, याचं उत्तर मला तिथल्या चर्चमध्ये आणि संग्रहालयांत दिसतं. शरीराचं पुनरुत्थान हा कॅथलिक श्रद्धेचा भाग आहे, आणि त्या देशाने मेलेलं शरीर कधी नजरेआड केलं नाही. रोमच्या व्हिया व्हेनेतोवर कापुचिन साधूंच्या चर्चखाली साडेतीन हजारांहून अधिक साधूंच्या हाडांनी भिंती आणि छतं सजवलेली आहेत. पालेर्मोच्या तळघरांत वाळवलेली प्रेतं अंगावरच्या कपड्यांनिशी भिंतीला उभी आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस गाएतानो झुम्बो या सिसिलियन कलावंताने प्लेगने मेलेल्यांचे मेणाचे देखावे केले. त्यात ताज्या प्रेतापासून काळ्यानिळ्या, फुगलेल्या, उंदीर लागलेल्या प्रेतापर्यंत कुजण्याच्या पायऱ्या आहेत, आणि ते आजही फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. झुम्बोला आपण कलावंत म्हणतो. मग दे रोस्सीला तंत्रज्ञ म्हणून श्रेयनामावलीत मागे का ढकलतो? मराठी वाचकाला इथे एक फरक जाणवेल. आपण बहुतेक जण प्रेत जाळतो. आपला मुंजा, आपली हडळ, आपला समंध यांच्यात शरीर असं फारसं उरलेलंच नसतं. असते ती वासना, राहून गेलेली इच्छा, आणि ती पुरी केली की भूत सुटतं. इटालियन मेलेल्याला सोडवता येत नाही, कारण त्याला काही नकोच असतं. मला हे आपल्या भुतांपेक्षा जास्त भयंकर वाटतं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. या सिनेमांच्या कथेला ना शेंडा ना बुडखा. फुल्चीच्याच १९८० च्या ‘पाउरा नेल्ला चित्ता देई मोर्ती विवेन्ती’मध्ये एक धर्मगुरू दफनभूमीत गळफास घेतो आणि नरकाचं दार उघडतं, इतकं समजतं. पण शेवटी वाचलेल्या दोघांकडे एक लहान मुलगा आनंदाने धावत येतो, त्याला बघून ते किंचाळतात, आणि चित्राला तडे जातात. का? कळत नाही. पुढच्या वर्षीच्या ‘लाल्दिला’मध्ये, म्हणजे जगभर ‘द बियाँड’ नावाने गाजलेल्या सिनेमात, न्यू ऑर्लीन्सच्या एका पडक्या हॉटेलखाली नरकाचं एक दार आहे. पण हॉस्पिटलमधल्या मेलेल्यांचा, ग्रंथालयात माणसाचा चेहरा खाणाऱ्या कोळ्यांचा आणि आंधळ्या मुलीचा एकमेकांशी संबंध जोडायला गेलं की हाती काही लागत नाही. मुळात या कथेत झॉम्बी नव्हते, जर्मन वितरकांना हवे होते म्हणून ते शेवटी घातले, असंही सांगितलं जातं. हे सगळं मान्य. मग मी विचारतो, भीतीला कारण दिलं की ती वाढते का कमी होते? विषाणू म्हटलं की लस शोधता येते. शाप म्हटलं की उतारा काढता येतो. ‘द बियाँड’मधली नायिका आणि डॉक्टर हॉस्पिटलच्या जिन्यावरून खाली पळतात आणि पोचतात ते त्याच हॉटेलच्या तळघरात. त्याच्याही पुढे जातात तर सुरुवातीला एका चित्रकाराने रंगवलेल्या ओसाड, राखाडी मैदानात. मागे वळून बघतात तर मागेही तेच मैदान. वाट कुठून होती हे सांगितलं असतं तर ती परतीची वाटही झाली असती. या शेवटाला कथेची शिस्त लावा, तो लगेच लहान होईल.

‘म्हणजे अपघाताचं श्रेय दिग्दर्शकाला?’ असं विचारलं जातं, आणि प्रश्न रास्त आहे. ‘झॉम्बी २’ चा शेवट घ्या. रेडिओवर निवेदक न्यूयॉर्क मेलेल्यांच्या ताब्यात गेल्याचं सांगतोय, ब्रुकलिन पुलाच्या पादचारी मार्गावरून मेलेले शहराकडे चाललेत, आणि खालच्या रस्त्यावर गाड्या रोजच्यासारख्या धावतायत. वाहतूक थांबवणं एवढ्याशा निर्मितीच्या आवाक्यात नव्हतं, हे उघड आहे. हसणारा इथे हसतो. मला मात्र जगबुडीचं इतकं खरं चित्र क्वचितच दिसलंय. अरिष्ट डोक्यावरून चाललेलं असतं आणि खाली ऑफिस सुटलेली माणसं घरी जात असतात. २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या आदल्या आठवड्यात, आपल्या शहरांत याहून वेगळं काय चाललं होतं? योगायोगाने मिळालेलं चित्र संकलनात ठेवायचं की काढायचं हा निर्णय मात्र योगायोग नसतो. तो निर्णय घेणारा माणूस तेव्हा बावन्न वर्षांचा होता आणि वीस वर्षं सतत सिनेमे दिग्दर्शित करत होता, त्यातले कितीतरी विनोदी होते. प्रेक्षक कशाला हसतो हे त्याला चांगलं माहीत होतं.

तुटपुंज्या साधनांनी काय घडतं हे तंत्राच्या अंगानेही बघायला हवं, कारण या सिनेमांचं रूपच त्यातून आलंय. चित्रपटाच्या एका चौकटीला एरवी फिल्मवरची चार छिद्रं लागतात. टेक्नीस्कोप नावाची पद्धत टेक्नीकलरच्या रोममधल्या शाखेने काढली, तिला दोनच लागत. फिल्म निम्मी लागे आणि पडदा रुंद मिळे. वेस्टर्नमधली ती विस्तीर्ण माळरानं या बचतीतूनच आली, आणि तोच रुंद पडदा पुढे कॅमेरामन सर्जिओ साल्वातीने प्रेतांच्या संथ रांगांसाठी वापरला. आवाजाचंही तसंच. इटलीत सेटवर आवाज मुद्रित करायची पद्धतच नव्हती, सगळं नंतर डब व्हायचं. वेगवेगळ्या देशांचे नट सेटवर वेगवेगळ्या भाषा बोलत आणि पुढे स्टुडिओत त्यांच्या तोंडी दुसऱ्यांचे आवाज येत. त्यामुळे खोलीला खोलीची म्हणून जी गजबज असते ती या सिनेमांत नाही. पाऊल वाजतं, मग शांतता, मग दाराची करकर, आणि खालून फाबिओ फ्रिझ्झीच्या सिंथेसायझरची ठाय लय. माणसं बोलतात पण आवाज त्यांच्या शरीरातून येत नाही. जिवंत माणसंही थोडी मेल्यासारखी वाटतात. ही पद्धत भयपटांसाठी शोधलेली नव्हती, तरी भयपटात ती जितकी चपखल बसली तितकी कुठेच बसली नाही. ज्याला यात फक्त ओठ जुळत नसल्याचं दिसतं, त्याने ऐकलेलंच नाही.

दोन आक्षेप असे आहेत की त्यांना मी उत्तर देऊ शकत नाही, आणि द्यायला जाणंही बरोबर नाही. पहिला बायकांवरच्या हिंसेचा. ‘झॉम्बी २’ मध्ये मेलेल्याचा हात दार फोडून आत येतो, डॉक्टरच्या बायकोचे केस धरतो, आणि लाकडाच्या फुटलेल्या धारदार कपच्यावर तिचा डोळा संथपणे ओढत नेतो. कॅमेरा हटत नाही. त्याच्या थोडं आधी हाच कॅमेरा तिला न्हाताना चोरून बघत होता. भक्त मंडळी सांगतात की स्पॅनिश दिग्दर्शक बुन्युएलनेही १९२९ मध्ये बाईचाच डोळा चिरून दाखवला आणि तो सिनेमा आज वर्गात शिकवतात. मुद्दा बरोबर आहे, प्रतिष्ठित कलेला एक माप आणि धंदेवाईक सिनेमाला दुसरं हे होऊ नये. पण त्यातून दोष दोघांचा ठरतो, एकाचा पुसला जात नाही. फुल्चीने पुरुषांनाही सोडलेलं नाही, हेही खरं. त्याच्या सगळ्यात क्रूर प्रसंगात एका तरुणाच्या डोक्यातून ड्रिल आरपार जातं, आणि ते चालवणारा झॉम्बी नसून संशयाने पेटलेला एक जिवंत बाप असतो. त्या प्रसंगाची जागा माझ्या लेखी फार वरची आहे. तरीही न्हाणीघरातला तो चोरटा कॅमेरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, आणि जाऊही नये.

दुसरा आक्षेप वंशाचा. झॉम्बी ही कल्पना हैतीतली, गुलामगिरीच्या अनुभवातून आलेली: मेल्यावरही मालकाच्या शेतात राबणारं शरीर. १९१५ ते १९३४ अमेरिकेने हैती ताब्यात ठेवलं, त्या काळात ती अमेरिकन वाचकांपर्यंत आणि तिथून हॉलिवूडपर्यंत गेली, आणि जाताना गुलाम गळला, रानटी जादू तेवढी उरली. फुल्ची झॉम्बीला पुन्हा कॅरिबियनमध्ये नेतो. चित्रणही हैतीला लागून असलेल्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये झालं. तिथे त्याच्या जमिनीतून उठतात ते वसाहत करायला आलेले स्पॅनिश. हे त्याला पूर्ण उमगलं होतं असा माझा दावा नाही, पण प्रतिमा तिचं काम करते. ब्रूनो मात्तेई या दुसऱ्या इटालियन दिग्दर्शकाच्या १९८० च्या ‘व्हिरुस’बद्दल मात्र असं काही म्हणता येत नाही. त्याची कथा ऐकून अंगावर काटा येतो. न्यू गिनीतल्या एका केंद्रात श्रीमंत देशांनी रसायन बनवलंय, कशासाठी, तर गरीब देशांतल्या माणसांनी एकमेकांना खाऊन टाकावं आणि लोकसंख्येचा प्रश्न सुटावा. ही कल्पना हवेतली नव्हती. त्या दशकात ‘लोकसंख्येचा स्फोट’ म्हटलं की जगाच्या डोळ्यांसमोर भारत यायचा, आणि १९७६ मध्ये आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. हे ठाऊक असलेला मराठी माणूस तो सिनेमा बघताना गमतीत कसा राहील? पण तोच सिनेमा दुसऱ्याच कुणी चित्रित केलेली न्यू गिनीच्या आदिवासींची दृश्यं आणून, त्यांच्या चालीरीती भीतीचा मसाला म्हणून मध्ये मध्ये पेरतो. कथेत ज्या नजरेला गुन्हेगार ठरवलंय, त्याच नजरेने कॅमेरा बघतो. तो बघावा जरूर, पण हे दोन्ही एकदम बघावं.

आणखी एक मुद्दा शहाणपणाच्या थाटात मांडला जातो. हे वेड म्हणे बंदीतून आलं. ब्रिटनमध्ये व्हिडिओ कॅसेटविरुद्ध वर्तमानपत्रांनी मोहीम उघडली, सरकारी वकिलांनी खटले भरण्याजोग्या सिनेमांची यादी काढली, १९८४ मध्ये कायदा आला, आणि पोरांनी चोरून बघितलेल्या कॅसेटची गोडी पुढे जन्मभर राहिली. यात तथ्य आहे. पण त्या यादीत एकूण बहात्तर नावं होती. त्यातली बरीचशी आज फक्त यादी पाठ करणाऱ्यांना माहीत आहेत. फुल्चीचे तीन सिनेमे त्यात होते आणि ते तिघेही आज जगभर थिएटरात पुन्हा लागतात. सगळेच त्या एकाच यादीत होते, मग सगळ्यांनाच सारखं आयुष्य का मिळालं नाही? जो प्रेक्षक बंदी उठल्यानंतर जन्मला, त्याला कशाची चोरटी गोडी लागणार?

हे सिनेमे पैशासाठी काढले, हेही ऐकवलं जातं. हो, पैशासाठीच. १९७६ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने स्थानिक खासगी दूरचित्रवाणीला वाट मोकळी केली. सत्तरच्या दशकाच्या मध्याला वर्षाला पन्नास कोटींच्या वर तिकिटं विकणारा देश दहा वर्षांत साडेबारा कोटींच्या आसपास आला. हा काळ पाण्यात बुडत चाललेल्या कारखान्याचा होता आणि आतले कामगार पाळी सोडत नव्हते. ‘झॉम्बी २’ मध्ये पाण्याखाली खऱ्या टायगर शार्कला मिठी मारणारा मेलेला माणूस म्हणजे रामोन ब्राव्हो, मेक्सिकोचा पाण्याखालचा छायाचित्रकार. आज कुणी कुठल्या प्राण्याला असं राबवू नये. पण त्या प्रसंगावर हसताना, चेहऱ्यावर रंगभूषेचा थर चढवून श्वास रोखून शार्कला भिडणाऱ्या माणसाने ते काम हसण्यासाठी केलं नव्हतं, एवढं तरी मनात असावं.

आपल्यापुरता हा प्रश्न परका नाही. झॉम्बी आपल्या सिनेमात आला तो विनोदाचाच हात धरून. २०१३ मध्ये हिंदीत गोव्याच्या बेटावर आणि २०२२ मध्ये मराठीत डोंबिवलीत. दोन्ही मला आवडले. पण या प्राण्याला गांभीर्याने घ्यायचंच नाही, हे आपण आधीच ठरवून टाकल्यासारखं झालंय, आणि त्याच सवयीने आपण रामसे बंधूंकडेही बघतो. १९७२ मध्ये महाबळेश्वरच्या विश्रामगृहात सगळं कुटुंब आणि तुटपुंजी मंडळी घेऊन त्यांनी ‘दो गज जमीन के नीचे’ काढला. भावाभावांत दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, संकलन अशी कामं वाटलेली. पुढची पंधरा-वीस वर्षं लहान गावांतली थिएटरं त्यांनी भरवली. आज त्यांचं नाव निघालं की मुखवट्याच्या आणि धुराच्या नकला होतात. तो धूर कशाने केला, तो मुखवटा कुणी आणि कशाचा घडवला, दरीच्या अंधारात दिवे कुठे लावले, हे विचारायला कुणी जात नाही. इटलीत निदान साल्वाती, दे रोस्सी, फ्रिझ्झी यांना गाठून लोकांनी तासन्‌तास प्रश्न विचारले, उत्तरं मुद्रित करून ठेवली, आणि त्यामुळेच आज त्या सिनेमांबद्दल भांडायला काहीतरी पुरावा आहे. रामसेंच्या सेटवर काम केलेले रंगभूषाकार आणि दिवेवाले मुंबईत अजून कुठेतरी असतील. त्यांच्या सिनेमांवर पुढचा विनोद करण्याआधी कुणीतरी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जायला हवं.